सातव्या हेन्रीची वही

रेनेसाँच्या राजांचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आठवा हेन्री येतो. चित्रकार हॉल्बाइनने रंगवलेला, पाय फाकवून उभा असलेला धिप्पाड गडी. सहा बायका, पोपशी भांडण, मठांची लूट. नाहीतर मग लिओनार्दोला फ्रान्सला बोलावून घेणारा पहिला फ्रान्सिस. चित्रं, राजवाडे, तोफा, मेजवान्या. राजसत्ता बळकट झाली ती या थाटमाटातून, असं आपण धरूनच चालतो.

माझं मत वेगळं आहे, आणि ते अरसिक वाटलं तरी चालेल. थाटमाट ही सत्तेची खर्चाची बाजू होती. जमेची बाजू बघायची तर निदान इंग्लंडात तरी आठव्या हेन्रीच्या बापाच्या वह्या उघडाव्या लागतात. सातवा हेन्री, राज्यकाल १४८५ ते १५०९. त्याच्यावर मालिका फारशा निघत नाहीत, आणि निघाल्या तरी त्यात तो चिडका, चिक्कू म्हातारा असतो. तसा तो शेवटी झालाही. पण इंग्लंडची राजगादी कोणाही सरदाराच्या धक्क्याने हलणार नाही अशी करून ठेवली ती याने.

गादीवरचा त्याचा हक्क म्हणाल तर नावालाच. आई मार्गारेट बोफर्ट, तिचं घराणं राजवंशाच्या अशा शाखेतलं की जी मुळात अनौरस; नंतर औरस ठरवली, पण गादीचा हक्क वगळून. हेन्री जन्मला तेव्हा आई १३ वर्षांची होती आणि बाप आधीच वारलेला. पुढे चौदा वर्षं परागंदा, बराचसा काळ फ्रान्सच्या वायव्य टोकाच्या ब्रिटनी प्रांतात, दुसऱ्याच्या मेहेरबानीवर. ७ ऑगस्ट १४८५ला तो वेल्सच्या किनाऱ्यावर उतरला आणि २२ ऑगस्टला बॉसवर्थच्या लढाईत तेव्हाचा राजा, यॉर्क घराण्याचा तिसरा रिचर्ड, मारला गेला. तेही विल्यम स्टॅन्ली नावाचा बडा जमीनदार ऐनवेळी आपली माणसं घेऊन हेन्रीच्या बाजूने घुसला म्हणून. त्याआधीची तीस वर्षं इंग्लंडात गादी अशीच इकडून तिकडे फिरत होती. आपलीही पाच-सात वर्षांत जाईल, असं हेन्रीला वाटलं नसेल तरच नवल.

मग या माणसाने पहिली गोष्ट काय केली? आपल्या राज्याची सुरुवात लढाईच्या आदल्या दिवसापासून, २१ ऑगस्टपासून धरली! म्हणजे २२ तारखेला रिचर्डच्या बाजूने जे लढले ते सगळे राजाविरुद्ध शस्त्र उचलणारे, राजद्रोही. त्यांच्या जमिनी जप्त. तेव्हाच्या एका इतिवृत्तकारानेही यावर त्रागा केला आहे: असंच चालणार असेल तर यापुढे लढाईच्या दिवशी लोक आपल्या बाजूने उभे राहतील याची खात्री कोणत्या राजाने धरायची? आणि गंमत पाहा, दहा वर्षांनी, १४९५ साली, याच हेन्रीने कायदा केला की गादीवर असलेल्या राजाची सेवा केली म्हणून कोणी राजद्रोही ठरणार नाही. तोवर गादीवर तो स्वतः होता ना!

राज्याभिषेकाचा क्रमही असाच हिशेबी. ३० ऑक्टोबरला अभिषेक, ७ नोव्हेंबरला पार्लमेंट, आणि पुढच्या वर्षी १८ जानेवारीला यॉर्क घराण्याच्या एलिझाबेथशी लग्न. गादी पार्लमेंटने दिली किंवा बायकोमुळे मिळाली, असं म्हणायला जागाच ठेवली नाही. लँकेस्टर या आपल्या बाजूचा लाल आणि यॉर्कचा पांढरा गुलाब एकत्र करून आपल्या ट्यूडर घराण्याचा गुलाब काढला तो नंतर. तो छान दिसतो आणि आजही पर्यटकांच्या मगवर मिळतो.

आता खरी अडचण. फ्रान्सच्या राजाकडे तेव्हा कायमची पगारी फौज होती आणि तिच्या खर्चासाठी दरवर्षी वसूल होणारा करही होता. इंग्लंडच्या राजाकडे दोन्ही नाही. अंगरक्षकांची एक छोटी तुकडी हेन्रीने उभी केली, बस्स. गावोगावचा बंदोबस्त, न्याय, लढाईला माणसं, हे सगळं स्थानिक जमीनदार आणि सरदारांच्या हातात. आणि याच सरदारांनी मागच्या राजांना उतरवलेलं. म्हणजे ज्यांच्यावर विश्वास ठेवता येत नाही, त्यांच्याच हातून राज्य चालवायचं. सगळ्यांना मारता येत नाही, सगळ्यांना जहागिरी वाटून खूष करणंही परवडत नाही.

त्याने काय केलं ते एका माणसावरून नीट कळतं. थॉमस हॉवर्ड, सरेचा अर्ल. बॉसवर्थला रिचर्डच्या बाजूने लढला, बाप तिथेच पडला. हेन्रीने त्याला टॉवर या लंडनच्या किल्ल्यात कैदेत टाकला, पदवी आणि जमिनी गेल्या. १४८९मध्ये सोडला, पदवी परत दिली, जमिनी मात्र थोड्याच. त्याच वर्षी यॉर्कशरमध्ये बंड झालं तेव्हा उत्तरेकडे कामाला पाठवला. काम चोख केलं की आणखी थोडी जमीन परत. असं वर्षानुवर्षं. आपलंच होतं ते हप्त्याहप्त्याने परत मिळवत हा माणूस इतका एकनिष्ठ झाला की पुढे १५१३ साली फ्लॉडनच्या लढाईत, म्हातारपणी, त्यानेच स्कॉटलंडच्या राजाचा पराभव केला. बापाची ड्यूकची पदवी त्यानंतर मिळाली, तीही सातव्या नव्हे तर आठव्या हेन्रीकडून.

पण हेन्रीचं खरं हत्यार होतं ते जातमुचलका. सरदाराकडून लिहून घ्यायचं की मी अमुक इतके पौंड राजाचे देणं लागतो. मात्र मी नीट वागलो, राजाशी इमान राखलं, तर ही रक्कम द्यावी लागणार नाही. शिवाय त्याच्या मित्र-नातलगांना जामीन ठेवायचं. मी सहकारी बँकेच्या कर्जविभागात बसलेला माणूस आहे, त्यामुळे ही पद्धत वाचली तेव्हा लगेच उमगली. थकबाकीदार स्वतः निर्ढावलेला असतो, पण जामीनदाराच्या घरी नोटीस गेली की तो रात्री अकरा वाजता त्याच्या दारात जाऊन उभा राहतो. वसुली बँक करत नाही, जामीनदारच करतो. हेन्रीच्या इंग्लंडात सरदारावर पाळत ठेवायला हेर लागत होते (आणि ते होतेही), पण सगळ्यात चांगले पहारेकरी होते त्याचे जामीन राहिलेले मेव्हणे नि साडू.

त्याच्या राज्यकालात सरदार घराणी होती साधारण ६२. त्यांतली जवळजवळ तीन चतुर्थांश कधी ना कधी जप्ती, मुचलका किंवा जबर दंड यांपैकी कशात तरी अडकलेली होती. यात पैसा मिळवणं हा भाग होताच, पण बऱ्याच मुचलक्यांची रक्कम कधी वसूलच केली नाही. ती वहीत पडून राहण्यातच तिचा उपयोग होता.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण लॉर्ड बर्गाव्हेनीचं. सरदारांनी आपला गणवेश घालून खासगी माणसं बाळगायची ही तिथली जुनी खोड; यातूनच यादवी लढाया पेटायच्या. १५०४च्या कायद्याने बेकायदा बाळगलेल्या माणसामागे महिन्याला ५ पौंड दंड ठरला. बर्गाव्हेनीने केंटमध्ये ४७१ माणसं बाळगली, सुमारे ३० महिने. करा गुणाकार. ७०,००० पौंडांहून जास्त! बड्या जहागीरदाराचं सालाचं उत्पन्न हजार-दोन हजार पौंडांच्या घरात असायचं. हा आकडा तो सात जन्मांत फेडू शकला नसता, आणि हेन्रीलाही ते ठाऊक होतं. शेवटी ठरलं ५,००० पौंड, वर्षाला ५०० प्रमाणे दहा हप्ते, आणि केंट, सरे, ससेक्स, हॅम्पशरमध्ये राजाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. स्वतःच्या मुलखात जायला परवानगी! डोकं न उडवता माणूस असा संपवता येतो.

कर लावून पैसा का नाही उभा केला? केला होता. १४९७मध्ये स्कॉटलंडशी लढाईसाठी कर लावला तर कॉर्नवॉलची माणसं, ज्यांचा स्कॉटलंडशी काडीचा संबंध नव्हता, उठली आणि थेट लंडनजवळ ब्लॅकहीथपर्यंत चालून आली. ते बंड चिरडलं, पण धडा मिळाला. त्यानंतरच्या बारा वर्षांत हेन्रीने पार्लमेंट एकदाच भरवलं. राजाच्या स्वतःच्या जमिनी, जकात, अज्ञान वारसांच्या इस्टेटी, दंड यांवर भागवायचं. फ्रान्सवर १४९२मध्ये स्वारी केली ती तर निव्वळ धंदा होता: युद्धासाठी आपल्या लोकांकडून कर घेतला, महिनाभरात तह करून परत आला, आणि वर्षानुवर्षं चाललेल्या हप्त्यांनी फ्रान्सकडूनही साधारण ५,००० पौंड साल वसूल केले.

हा सगळा पैसा जुन्या खजिना-खात्यात न जाता त्याच्या खासगी दालनात यायचा. जुनं खातं शिस्तशीर पण गोगलगायीच्या चालीचं. दालनाचा कोषपाल जॉन हेरन वही लिहायचा आणि राजा स्वतः ती तपासून सही करायचा. त्यातल्या नोंदी फार वाचनीय आहेत. ऑगस्ट १४९७ची एक नोंद: नवीन बेट शोधून काढणाऱ्याला १० पौंड. हा इसम म्हणजे जॉन कॅबट, उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला लागून नुकताच परत आलेला! त्याच वह्यांत एका नाचणाऱ्या लहान मुलीला १२ पौंड दिल्याची नोंद आहे. (कॅबटला पुढे सालाना २० पौंडांची नेमणूक मिळाली, तेव्हा अगदीच अन्याय झाला असं नाही.)

हेन्रीनंतर शंभरावर वर्षांनी त्याचं चरित्र लिहिणाऱ्या फ्रान्सिस बेकनने एक किस्सा लिहून ठेवला आहे. हेन्रीची एक खास टिपणवही होती, कोणाला बक्षीस द्यायचं, कोणावर नजर ठेवायची याची. एक दिवस ती बाहेर राहिली आणि त्याच्या पाळीव माकडाने तिच्या चिंध्या केल्या. माकडाला कोणी दरबाऱ्यानेच सोडलं म्हणे. दरबारात हसून हसून मुरकुंडी वळली. खरं-खोटं बेकन जाणे, पण हसण्यातली सुटका मला अगदी खरी वाटते.

आता रेनेसाँवाले म्हणतील, यात रेनेसाँ कुठे आहे? आहे. इटलीतल्या अर्बिनोच्या पॉलिडोर व्हर्जिल या विद्वानाला त्याने इंग्लंडचा इतिहास लिहायला लावला, घराण्याची बाजू नीट मांडली जावी म्हणून. आणि नाणी बघा. इंग्लंडच्या चांदीच्या नाण्यांवर दोनशे वर्षं तोच एक ठोकळेबाज चेहरा होता, राजा कोणीही असो. हेन्रीच्या शेवटच्या वर्षांत पहिल्यांदा त्याचा स्वतःचा, लांब नाकाचा, बाजूने दिसणारा चेहरा नाण्यावर आला. कोणाचं देणं लागतो ते प्रत्येकाला दिसावं, हा माझा चावट तर्क.

मला त्याचा उदोउदो करायचा नाही. १५०२मध्ये थोरला मुलगा आर्थर गेला, १५०३मध्ये राणी गेली, आणि मग एका लहान मुलावर घराण्याचं सगळं भवितव्य अडकलं. तिथून पुढे हिशेबाचं भय झालं. एम्पसन आणि डडली या दोन वकिलांनी जुनीपुराणी कलमं उकरून सरदारांना, लंडनच्या व्यापाऱ्यांना पिळलं. माजी मेयरसुद्धा तुरुंगात गेले. विल्यम स्टॅन्ली, ज्याच्यामुळे बॉसवर्थ जिंकलं, त्याचं डोकं तर १४९५मध्येच उडवलं होतं, गादीवर हक्क सांगणाऱ्या एका तोतयाला सामील झाल्याच्या आरोपावरून. संरक्षण म्हणून सुरू झालेली गोष्ट कुठे छळ होते याची रेघ हेन्रीने खूप मागे सोडली होती. त्याला स्वतःलाही हे बोचत असावं, कारण मृत्युपत्रात त्याने झालेल्या अन्यायांची दाद लावायला सांगितलं आहे.

तो २१ एप्रिल १५०९ला रिचमंडच्या राजवाड्यात वारला. दोन दिवस बातमी दाबून ठेवली, आणि फुटताच पहिली अटक एम्पसन आणि डडलीची. सतरा वर्षांचा, देखणा आठवा हेन्री एका दिवसात लोकप्रिय! कित्येक मुचलके रद्द झाले, बर्गाव्हेनीही सुटला. या मुलाने बापाची शिल्लक चार-पाच वर्षांत फ्रान्सच्या लढाईत घातली. जॉन हेरनला मात्र कामावरून काढलं नाही, १५२१पर्यंत तोच हिशेब लिहीत होता.

टॉवरमध्ये बसून डडलीने एक यादी केली. राजाने कोणाकोणावर अन्याय केला, कोणाकडून जास्त घेतलं, अशी ८०हून अधिक प्रकरणं. त्यात त्याने स्पष्ट लिहिलं आहे की पुष्कळ माणसं आपल्या मर्जीवर टांगलेली असावीत, अशी राजाची इच्छाच होती. या यादीने त्याला काही मिळालं नाही. राजाच्या हुकमाने पैसा वसूल करणं हा गुन्हा ठरवता येईना, म्हणून दोघांवर नव्या राजाविरुद्ध सशस्त्र कट केल्याचा बनावट आरोप ठेवला आणि १७ ऑगस्ट १५१०ला दोघांचीही डोकी उडवली. डडलीचा नातू रॉबर्ट पुढे पहिल्या एलिझाबेथ राणीचा सगळ्यात लाडका दरबारी झाला, पण त्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती लिहायला खूप लोक आहेत.