"तो काही करत नाही"

सकाळी आठच्या सुमाराला पार्किंगमधून आधी भुंकणं ऐकू आलं, मग "ए, ए, ए" असा कुणाचा तरी घाबरलेला आवाज, आणि मग एका बाईंचं ओरडणं. दुसऱ्या मजल्यावरून अनवाणीच खाली धावलो, पण पोचेपर्यंत प्रकरण आटपलं होतं. पार्सल आणणारा पोरगा, असेल विशीचा, भिंतीला पाठ लावून उभा. पाठीवरची ती भली मोठी बॅग त्यानं पोटाशी धरलेली, तिचा एक कोपरा फाटून आतला स्पंज लोंबतोय. समोर आमच्याच इमारतीतला पाळलेला कुत्रा, आता मालकिणीच्या हातात. आणि भोवती जमलेली आठदहा माणसं त्या पोरालाच विचारतायत, "लाथ का मारलीस?"

त्यानं माफी मागितली. ज्याच्या अंगावर कुत्रा धावला, त्यानं! "सॉरी मॅडम, चुकून लागली" म्हणाला, पार्सल ठेवलं आणि गेला. मालकीणबाई वर जाताजाता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आमचा काही करत नाही हो. यानंच घाबरवलं असणार त्याला."

मी काय केलं? "जाऊ द्या हो" असं काहीतरी पुटपुटलो आणि वर येऊन चहा प्यायलो. तो चहा अजून घशात अडकलाय. तेव्हा जे सकाळी तोंडातून निघालं नाही ते आता इथे लिहितोय. लांबेल. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढे सरकावं.

"तो काही करत नाही." हे वाक्य मी पहिल्यांदा अकरा वर्षांपूर्वी ऐकलं. नुसतं ऐकलं नाही, मोतीचे दात माझ्या डाव्या हातात रुतलेले असताना ऐकलं. (मोती हे त्याचं खरं नाव नाही. कुत्र्याचीसुद्धा उगाच बदनामी नको.) ओळखीच्या काकांकडे काही कागद द्यायला गेलो होतो. दार उघडलं, मोती उंबऱ्याशी उभा. शेपूट हलत होती. मी म्हटलं, वा, ओळखलं वाटतं! कौतुकानं वाकलो, डोक्यावरून हात फिरवायला गेलो, आणि पुढचं मला तुकड्यातुकड्यांतच आठवतं. मी हात ओढतोय, तो सोडत नाहीये, आणि काका माझ्या खांद्यावर हात ठेवून शांतपणे सांगतायत, "घाबरू नकोस, घाबरू नकोस, तो काही करत नाही."

काका, तो करतोय ना! आत्ता करतोय!

असो. तर त्या शेपटीबद्दल. शेपूट हलली म्हणजे कुत्रा खूश, हे आपल्याला लहानपणापासून कुणीतरी शिकवलेलं असतं आणि ते अर्धवट आहे. खूश कुत्र्याचं सगळं अंगच सैल असतं, कंबरेपासून मागचा भाग डुलतो. मोतीची शेपूट वर, काठीसारखी ताठ, आणि टोकाशी थोडी थोडी थरथरत होती. अंग दगडासारखं. तोंड मिटलेलं. डोळ्याच्या कडेला पांढरं दिसत होतं. आज ते सगळं चित्र डोळ्यांपुढे आहे, तेव्हा मला फक्त शेपूट दिसली. कुत्रा सहसा सांगून चावतो. मला त्याची भाषा येत नव्हती, आणि काकांना तर अकरा वर्षांपूर्वीही येत नव्हती आणि आजही येत नसावी.

दुसरी चूक, मी हात ओढला. कुणीही ओढेल. पण डॉक्टरांनी जखम बघितल्याबरोबर पहिलं वाक्य काय म्हटलं असेल? "ओढलात ना?" दात आत शिरतात तेव्हा भोकं पडतात. आपण ओढतो तेव्हा त्या भोकांच्या चिरा होतात. ओढू नये, उलट हात त्याच्या तोंडात आत दाबावा, म्हणजे त्याला पकड सैल करायला जागा होते, असं ते म्हणाले. हे ऐकून मी त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती त्यांनी मनावर घेतली नाही. पण बरोबर होतं त्यांचं. अजून पाऊस आला की मनगटाच्या वरची ती चीर खाजते.

आता सकाळच्या पोराकडे या. त्यानं काय केलं ते नीट बघा, कारण माझ्या मते ते जवळपास सगळं बरोबर होतं आणि आम्ही आठदहा शहाण्यांनी त्याला चूक ठरवलं.

तो पळाला नाही. ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे, कारण पाय आपोआप निघतात. पण पळणारी वस्तू दिसली की पाठलाग करायचा हे कुत्र्याच्या अंगातच असतं, आणि कुत्र्याशी शर्यत लावून जिंकणारा माणूस अजून जन्माला यायचाय. सायकलवाल्यांनो, तुमच्यासाठीही हेच. पॅडल जोरात मारून सुटाल असं वाटतं, पण सुटायचा जास्त भरवशाचा मार्ग म्हणजे उतरा आणि सायकल आडवी मध्ये धरा. चाक फिरायचं थांबलं की अर्ध्या कुत्र्यांचा रसच संपतो.

त्यानं पाठ भिंतीला लावली, म्हणजे मागून कुणी येणार नाही. एकटा कुत्रा असेल तर हे फार लागत नाही, टोळी असेल तर हेच वाचवतं, कारण समोरचा भुंकत राहतो आणि चावणारा मागून येतो.

आणि त्यानं बॅग मध्ये धरली. इथे मी त्या पोराला मनातल्या मनात सलाम केला. कुत्र्याला चावायचंच असेल तर त्याला चावायला काहीतरी द्यावं. बॅग, छत्री, जॅकेट, पायातली चप्पल काढून हातात, अगदी गुंडाळलेलं वर्तमानपत्रसुद्धा. तो जोपर्यंत त्या वस्तूला धरून झटके देतोय तोपर्यंत तुमची कातडी मोकळी आहे. फाटू दे की बॅग!

त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघू नये, कुत्र्यांच्या जगात ते आव्हान असतं. किंचाळू नये. थोडं तिरकं उभं राहावं, हात अंगालगत, नजर त्याच्या पायांकडे, आणि त्याचा आवेश ओसरला की पाठ न दाखवता हळूहळू मागे सरकावं. आवाज काढायचाच तर खालच्या पट्टीत, जरबेचा, एकच शब्द. "बस" किंवा "घरी". पाळलेल्या कुत्र्यांनी हे शब्द ऐकलेले असतात. मी त्या दिवशी मोतीला काय म्हणालो होतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि पट्टी तर फारच वरची होती.

राहता राहिली लाथ. लाथेबद्दल माझं मत असं की मारू नये. कुत्र्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. एका पायावर उभा असलेला माणूस सहज पडतो, आणि वर आपण आपला पाय आपणच त्याच्या तोंडाशी नेऊन देतो. तेवढी त्या पोराची चूक मान्य. पण "चूक" आणि "गुन्हा" यात फरक आहे की नाही? समोरून वीसपंचवीस किलोचा कुत्रा दात विचकून येतोय आणि माणसानं आधी विचार करायचा की याला लागेल का? मी माणसाच्या बाजूचा आहे, उघड सांगतो. ज्याच्या अंगावर दात येतोय त्यानं हाताला लागेल ते वापरावं. छत्रीचं टोक वापरावं, हेल्मेट वापरावं, पकड सुटतच नसेल तर गळ्यातला पट्टा पिळून त्याचा श्वास कोंडावा. कुत्रा थांबला की तुम्हीही थांबा. एवढीच अट. पळून चाललेल्या कुत्र्यामागे काठी घेऊन धावणारे शूरवीर मलाही डोक्यात जातात.

(आणि हो, त्या अमुक जातीच्या कुत्र्यांचा जबडा "लॉक" होतो वगैरे जे सांगतात ते थोतांड आहे. कुठल्याच कुत्र्याच्या जबड्याला कुलूप नसतं. सोडत नाहीत, कारण सोडायचं नसतं.)

लहान मुलांचं मात्र वेगळं आहे आणि इथे मला खरंच चिडून चालणार नाही. मोठ्या माणसाला कुत्रा हाताला-पायाला चावतो. मूल त्याच्या तोंडाच्याच उंचीचं, त्यामुळे चेहरा, मान, डोकं. माझ्या भाचीला मी दोन खेळ शिकवलेत. एक "झाड": कुत्रा आला की हात जवळ घ्यायचे, पायांकडे बघायचं, हलायचं नाही, झाड कंटाळवाणं असतं, कुत्रा वास घेतो आणि जातो. दुसरा "मुटकुळं": पडलीस तर पोट खाली, गुडघे पोटाशी, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफून कोपरांनी कान झाकायचे. मोठ्यांनीही पडल्यावर हेच करायचं. ती आता सहा वर्षांची आहे आणि घरात कुणीही रागावलं की भर दिवाणखान्यात मुटकुळं होते. पण येतं तिला.

कुत्रा चावल्यावर लोक आधी कुत्र्यावरून भांडतात आणि जखम मग बघतात. माझ्या वेळी तेच झालं. काका मोतीचे लसीचे कागद शोधत होते आणि मी रुमाल धरून उभा. अरे, आधी नळ! साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. लेप नको, पूड नको, कुणाच्या आजीचा उपाय नको. मग थेट दवाखाना. माझी जखम खोल होती म्हणून रेबीजची लस वेगळी आणि जखमेतच भरलेलं ते दुसरं औषध, इम्युनोग्लोब्युलिन, वेगळं. मोती चावला तेव्हा दुखलं नाही एवढं ते दुखलं. टाकेही लगेच घातले नाहीत. पोटात चौदा इंजेक्शनं हा केव्हाचाच इतिहास झाला, मला दंडातच पाच झाली, ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. ज्या रोगाची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, त्या रोगाबाबत "बघू, उद्या जाऊ" म्हणणाऱ्यांना काय म्हणावं? विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे चालत जातो, त्याला आठवडे लागतात, कधी महिने. तेवढाच आपला वेळ. जगात रेबीजनं मरणाऱ्यांत दहातली चार मुलं पंधराच्या आतली असतात, आणि यातली बरीच घाबरून घरी सांगतच नसणार. का घाबरत असतील? कारण पहिला प्रश्न येणार, "तू काय केलंस त्याला?"

१८८५ च्या जुलैत जोसेफ मायस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या पोराला घेऊन त्याची आई पॅरिसला लुई पाश्चर या शास्त्रज्ञाकडे गेली. पोराला पिसाळलेल्या कुत्र्यानं ठिकठिकाणी फोडलं होतं. पाश्चरची लस टोचली, पोरगा जगला. पाश्चर त्याला "तू कुत्र्याला डिवचलंस का" म्हणाला असेल असं मला काही वाटत नाही.

आता माझ्या यादीतले कुत्रेवाले मित्र खाली येणार हे मला माहीत आहे. आधीच मान्य करून टाकतो. हो, बहुतेक चावे माणसाच्या चुकीमुळे होतात. जेवणाऱ्या कुत्र्याला, झोपलेल्या कुत्र्याला, पिल्लांपाशी बसलेल्या कुत्रीला हात लावू नये. मीही न विचारता मोतीच्या डोक्यावर वरून हात नेला होता. हो, भीतीनं चावणारे कुत्रे रागानं चावणाऱ्यांपेक्षा जास्त. झालं समाधान? यातलं एकही कारण सकाळच्या पोराला लागू होत नाही. तो पार्सल घेऊन चालत होता.

मोतीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. चावल्यावर दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवतात, तो धडधाकट राहिला तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात. त्यामुळे मी रोज काकांना फोन करायचो. "मोती जेवला का? पाणी प्यायला का? नीट चालतो ना?" काकांना वाटायचं, काय हा मुलगा, एवढं होऊन कुत्र्याची चौकशी करतो. सातव्या दिवशी तर त्यांचा गळा दाटून आला. मी कशासाठी विचारत होतो ते सांगायचा मला धीर झाला नाही. पण खरं सांगू का, आठव्या-नवव्या दिवसापर्यंत मला खरोखरच मोतीची काळजी वाटायला लागली होती. इतकं रोज कुणाबद्दल विचारलं की होतं तसं.

आणि दहा दिवस संपल्यावर त्यांनी त्याला मागच्या बाजूला साखळीनं बांधला. कायमचा. पूर्वी कधी न बांधलेला कुत्रा. मी नंतर दोनदा गेलो, दोन्ही वेळा मागून नुसतं भुंकणं ऐकू येत होतं, थकलेलं, कुणावर तरी नव्हे, असंच. तीन वर्षांनी तो गेला. त्या दिवशी दार उघडायच्या आधी कुणी दोन मिनिटं त्याला आतल्या खोलीत घातला असता तर माझा हातही वाचला असता आणि त्याची ती तीन वर्षंही. "तो काही करत नाही" म्हणणाऱ्यांचा मला जो राग येतो ना, त्यात आता मोतीचाही वाटा आहे.

हे लिहीत असतानाच फोन वाजला. गेटवर पार्सल. आवाज सकाळचाच. "सर, वर येऊ? कुत्रा बांधलाय का?"

मीच खाली गेलो. म्हटलं, जरा चार गोष्टी सांगाव्यात याला, बॅग कशी धरायची, लाथ का मारू नये. अर्धं वाक्य झालं असेल. तो हसला आणि बॅग फिरवून दाखवली. सकाळचा फाटका कोपरा चिकटपट्टीनं बंद केलेला होता. त्याच्या शेजारी जुन्या शिवणींचे आणखी तीन तुकडे होते.

"ही चौथी वेळ सर," म्हणाला. "सही करा."