स्वयंसेवकाच्या पाठीशी कायदा हवा

कृष्णा आणि पंचगंगेचे पाणी चढू लागले की आपल्याकडे लोकांचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष विचारतो की शासन कुठे आहे, आणि दुसरा अभिमानाने सांगतो की शासनाची वाट न पाहता लोकांनीच लोकांना वाचवले. हा वाद मी २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत माहेरी ऐकला आणि २०२१ मध्ये चिपळूण बुडाले तेव्हा जर्मनीत बसून फोनवर ऐकला. आता बॉनजवळच्या आमच्या गावात ‘टेख्निशेस हिल्फ्सवेर्क’ या आपत्तिनिवारण दलाचे प्राथमिक प्रशिक्षण पुरे करून मी परीक्षा उत्तीर्ण झाले आहे, आणि हे दोन्ही पक्ष चुकीच्या जागी भांडत आहेत असे माझे मत झाले आहे.

हे दल १९५० साली स्थापन झाले. ते जर्मनीच्या केंद्र सरकारच्या गृहखात्याचे आहे; मात्र त्यातील बहुतेक सगळी माणसे बिनपगारी आहेत. देशभर त्याच्या साडेसहाशेहून अधिक शाखा आहेत. दिवसा बेकरीत, बँकेत किंवा शाळेत काम करणारी माणसे संध्याकाळी निळा गणवेश चढवून शाखेत येतात, म्हणजे ‘शासन’ आणि ‘लोक’ तेथे एकाच गाडीत बसलेले असतात. हे केवळ सद्भावनेवर चालत नाही. कामाच्या वेळेत बोलावणे आले तर मालकाला स्वयंसेवकाला सोडावेच लागते, त्याचा पगार कापता येत नाही, आणि खासगी मालकाला त्या पगाराची भरपाई केंद्र सरकारकडून मिळते. हे सारे कायद्यात लिहिलेले आहे, आणि दलाच्या कामावर असताना इजा झाली तर विम्याचे संरक्षणही आहे.

प्रशिक्षणातील विषय ऐकायला साधे वाटतात: दोराच्या गाठी, जनरेटर आणि दिवे लावणे, जड ओझे जॅकने इंचाइंचाने उचलून खाली लाकडी ठोकळे रचत जाणे, जखमीला स्ट्रेचरवर बांधून अडचणीच्या जागेतून बाहेर काढणे. मला अवघड गेली ती शिस्तीची भाषा. माझ्या निम्म्या वयाची मुलगी गटप्रमुख असते, तिने दिलेला हुकूम मोठ्याने परत म्हणून दाखवायचा असतो, आणि स्ट्रेचर तिने सांगितल्याखेरीज कोणी उचलायचा नसतो. वयाचा मान शब्दाशब्दात सांभाळणाऱ्या घरात वाढलेल्या बाईला हे सुरुवातीला रुक्ष वाटते. पण स्ट्रेचरची चार टोके चार माणसांनी आपापल्या अंदाजाने उचलली तर मधला जखमी कलंडतो, हे एकदा हातांना कळले की त्या रुक्षपणातली काळजी दिसू लागते. सराव संपल्यावर प्रत्येक दोर तपासून जागेवर ठेवेपर्यंत कोणीही घरी जात नाही, याचे मला आजही मनापासून कौतुक वाटते.

तरीही या व्यवस्थेची आरती ओवाळण्याचे कारण नाही. चिपळूण बुडण्याच्या आठवडाभर आधी, १४ जुलै २०२१ च्या रात्री, आमच्यापासून फार दूर नसलेल्या आर नदीच्या खोऱ्यात पूर आला आणि तेथे १३० हून अधिक माणसे गेली. धोक्याची सूचना अनेकांपर्यंत वेळेत पोचलीच नाही. पुढच्या दिवसांत फावडी घेऊन हजारो साधी माणसे आली, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले, आणि घराघरातला चिखल मोठ्या प्रमाणात त्यांनीच उपसला. न बोलावता धावून येणे हा आपल्याकडे शेजारधर्म आहे. येथील रोजच्या जीवनात त्याची उणीव मला फार जाणवते.

त्या शेजारधर्माला आपण काय देतो, हा माझा प्रश्न आहे. ब्रह्मनाळला २०१९ मध्ये पुरातून गावकऱ्यांना बाहेर काढणारी नाव उलटली. माणसांना वाचवायला निघालेल्या त्या नावेत क्षमतेपेक्षा जास्त लोक बसले होते, आणि अनेकांचा जीव गेला. त्याच्या आदल्या वर्षी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस कोसळली, तेव्हा महाबळेश्वरचे ट्रेकर दोर लावून दरीत उतरले आणि त्यांनी मृतदेह वर आणले. अशा माणसांचे आपण सत्कार करतो, शाल आणि नारळ देतो. त्या दिवशी त्यांची मजुरी बुडाली का, झिजलेला दोर कोणी बदलून दिला का, हे मात्र कोणी विचारत नाही.

केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेतून देशातील ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करण्याचे उद्दिष्ट ठरले, आणि त्यात प्रशिक्षणाबरोबर साहित्य आणि विमाही होता. दिशा योग्यच आहे. पण प्रशिक्षण घेतलेल्या तरुणाला दर महिन्याला सराव हवा, तालुक्याच्या ठिकाणी स्वतःची म्हणता येईल अशी शाखा हवी, आणि पाणी चढत असताना त्याला नेमके कोण बोलावणार हे आधी ठरलेले हवे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याहून निघाली तरी पहिले काही तास गावालाच काढावे लागतात. त्या तासांसाठी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतला फिटर यंत्र बंद करून निघाला, तर त्याची हजेरी कापली जाणार नाही आणि मालकालाही तोटा सोसावा लागणार नाही, एवढी तरतूद राज्याने येत्या पावसाळ्याआधी कायद्यात करावी.