तोंड दाखवून अवलक्षण

सकाळी उठून तोंड धुता, पुसता आणि कामाला लागता? चेहऱ्याला आग नाही, खाज नाही, एखादी पुळी आलीच तर चार दिवसांत आपली आपण जाते? मग तुमचं अवघड आहे. बिघडलेल्या त्वचेसाठी बाजारात हजार गोष्टी आहेत, धडधाकट त्वचेसाठी कोण काय करणार? तेव्हा आधी एखादं दुखणं मिळवा. विकतचं मिळालं तर उत्तमच.

त्यासाठी दहापट मोठं दाखवणारा, कडेने दिवे लावलेला आरसा आणा. साध्या आरशात माणूस स्वतःला ओळखतो, त्यामुळे तो काही कामाचा नाही. मोठ्या आरशात नाकाचा शेंडा धरा. करड्या ठिपक्यांची रांग दिसेल. ते ठिपके म्हणजे केसांच्या मुळाशी साचणारं तेल आणि मेलेल्या पेशी. ते सगळ्यांच्या नाकावर असतात आणि पिळून काढले तर महिन्याभरात पुन्हा भरतात. हे मनावर घेऊ नका. त्यांना ब्लॅकहेड्स म्हणा आणि पिळायला बसा. दर महिन्याला नव्याने भरणारं काम म्हणजे कायमची नोकरीच की! त्वचेच्या रंध्रांना स्नायू नसतात, त्यामुळे ती वाफेने उघडत नाहीत आणि बर्फाने मिटत नाहीत. तरीही आधी वाफ घ्या, मग बर्फाच्या भांड्यात तोंड बुडवा. रंध्रांची नाही तरी डोळ्यांची उघडझाप होतेच.

आता खऱ्या कामाला लागू. त्वचेचा सगळ्यात वरचा पापुद्रा केसाच्या जाडीहूनही पातळ असतो. मेलेल्या पेशींचे पंधरा-वीस पदर, आणि मधल्या फटींत सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लांचं लुकण. विटा आणि चुना म्हणा ना. ही भिंत पाणी आत धरते, जंतूंना बाहेर ठेवते, आणि स्वतःचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, पीएच ५च्या आसपास राखते. जुने पदर झडतात, खालून नवे येतात. ऐन तारुण्यात ही फेरी साधारण २८ दिवसांची, पुढे वयाबरोबर लांबत जाणारी. आणि हे सगळं ती तुम्ही घोरत असताना करते. फुकट! कुणीतरी हे थांबवायला नको का?

थांबवण्यासाठी वरचे पदर सोलून काढणारी अॅसिडं आहेत, पदर झडण्याचा वेग वाढवणारं, 'अ' जीवनसत्त्वाच्या जातीचं रेटिनॉल आहे, घासायचे दाणे आहेत. मी हे स्वतः करून पाहिलंय, उगाच सांगत नाही. एका मंगळवारी रात्री ग्लायकॉलिक अॅसिडचं टोनर लावलं. ते वाळल्यावर सॅलिसिलिक अॅसिडचं सीरम. आणि उद्याचं काम आजच उरकावं म्हणून वरून रेटिनॉल. चुरचुरलं. पण व्हिडिओतल्या मुलीने सांगितलं होतं की चुरचुरलं म्हणजे लागू पडतंय. बुधवारी चेहरा खरोखरच काचेसारखा चकाकत होता. हीच ती ग्लास स्किन, म्हणून मी चार फोटो काढले. गुरुवारी साधं पाणी लागलं तरी मिरची लागल्यासारखं व्हायला लागलं. शुक्रवारी नाकपुड्यांच्या कडेने पोपडे सुटले, ओल आलेल्या भिंतीचे सुटतात तसे. शनिवारी कुणीतरी बऱ्यापैकी विनोद सांगितला आणि मला हसता येईना, ओठाच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत कातडं ताणलेलं. रडायचीही सोय नव्हती, अश्रू खारट असतात.

त्याच दिवशी भाची आली. वय १२. तिने माझी हनुवटी दोन बोटांत धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि डॉक्टरांच्या गंभीरपणाने म्हणाली, "मावशी, तुझं बॅरियर गेलंय." बॅरियर म्हणजे तीच ती विटा-चुन्याची भिंत. गेलंय म्हणजे एखाद्याचं दप्तर बसमध्ये राहावं तसं.

मग तिने तिचं पाउच उघडून दाखवलं. त्यातही रेटिनॉल होतं. सुरकुत्या यायला नकोत म्हणून. तिच्या कपाळावर तेव्हा एकच आठी होती आणि ती गणिताच्या गृहपाठाची होती. स्वीडनमधल्या एका औषधदुकानांच्या साखळीने २०२४ मध्ये ठरवलं की असली जालीम उत्पादनं १५ वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय विकायची नाहीत. काय हा करंटेपणा! बारा वर्षांची असताना चेहरा बिघडवून घेतला तर गिऱ्हाईक साठ वर्षं टिकतं. तिशीपर्यंत वाट बघायची म्हणजे निम्मं आयुष्य वाया घालवायचं.

शेवटी मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. अशा माणसांपासून तुम्ही जपून राहा. त्यांनी माझ्या चौदा बाटल्यांची यादी शांतपणे ऐकली आणि कागदावर तीन ओळी लिहिल्या: सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन. बाकी सगळं बंद. मी विचारलं, "आणि सीरम?" ते म्हणाले, "नको." मी म्हटलं, "निदान एसेन्स?" त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. तीन ओळींसाठी फी देताना माझा जीव तुटला, चौदा बाटल्या घेताना तुटला नव्हता तेवढा.

तुम्ही मात्र 'बॅरियर रिपेअर'च्या रांगेत या. जे लुकण आपण मंगळवारी विरघळवलं तेच शनिवारपासून डबीत भरून मिळतं, सेरामाइड या नावानेच. ही मलमं आग शमवतात, खोटं कशाला बोलू. आग शमली की पुन्हा मंगळवार येतोच.

खरेदी करताना टक्के बघा, बाकी काही बघू नका. नायसिनामाइड, म्हणजे 'ब' जीवनसत्त्वाचा एक प्रकार, दोन ते पाच टक्क्यांत आपलं काम करतं, म्हणून तुम्ही वीस टक्केवालं घ्या. परीक्षेत कमी पडलेले टक्के असेच भरून काढायचे असतात. व्हिटॅमिन सीचं सीरम हवेने आणि उजेडाने खराब होतं, म्हणून ते पारदर्शक बाटलीत घेऊन न्हाणीघराच्या खिडकीत ठेवा. पाण्यासारखं असलेलं ते द्रव आधी पिवळं, मग नारिंगी, मग तपकिरी होत जातं. महागाचं असल्यामुळे टाकवत नाही. तपकिरी थेंब गालावर लावून उजळपणाची वाट बघण्याला श्रद्धा लागते, ती कमवा.

कोलॅजनचं क्रीम तर हवंच. धड त्वचेतून साधारण ५०० डाल्टनहून (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) मोठा रेणू सहसा आत शिरत नाही, आणि कोलॅजनचा रेणू भरतो सुमारे ३,००,०००. उंदराच्या बिळातून हत्ती न्यायचा आहे, पण हत्ती दारात उभा असला तरी शोभा वाढतेच ना?

'पी हळद आणि हो गोरी' ही म्हण आपल्याकडे उतावळ्यांच्या थट्टेसाठी होती. आता तिचा धंदा झालाय. रेटिनॉलच्याच घराण्यातलं ट्रेटिनॉइन अमेरिकेत १९७१ मध्ये मुरुमांवरचं औषध म्हणून मंजूर झालं. त्याचा गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात, आणि तेही सावकाश सवय करत लावलं तर. इतका धीर कुणाला आहे? तुम्ही चार दिवस द्या. पाचव्या दिवशी "मला सूट झालं नाही" म्हणून दुसरं आणा. हे वाक्य पाठ करून ठेवा, चारचौघांत वजन येतं.

रसायनांची भीती वाटत असेल तर नैसर्गिक मार्ग आहे. लिंबू पिळून तोंडाला चोळा आणि उन्हात जाऊन बसा. लिंबाच्या रसातल्या काही द्रव्यांची उन्हाशी गाठ पडली की फोड येतात, काळे डाग उठतात आणि ते महिनोन्‌महिने टिकतात, तेही संपूर्ण नैसर्गिकरीत्या. उलट विज्ञानावर विश्वास असेल तर १९३०च्या दशकातल्या पॅरिसचा आदर्श ठेवा. तिथे 'थो-राडिया' नावाचं क्रीम मिळायचं, त्यात थोरियम आणि रेडियम ही किरणोत्सर्गी मूलद्रव्यं असायची आणि तेही जाहिरातीत अभिमानाने सांगितलेलं. तेजस्वी कांती म्हणतात ती हीच.

सनस्क्रीनचं काय, ते विचारू नका. या सगळ्या पसाऱ्यात सगळ्यात भरवशाची वस्तू तीच, म्हणूनच तिच्या बाबतीत हात आखडता घ्यायचा. बाटलीवरचा एसपीएफचा, म्हणजे उन्हापासून किती रक्षण होतं त्याचा आकडा मोजतात तो दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून. म्हणजे चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर लांब ओढलेल्या दोन रेघा, साधारण सव्वा ग्रॅम. या हिशेबाने ५० ग्रॅमची नळी चाळीस वेळा पुरते. उन्हात दर दोन तासांनी पुन्हा लावायचं म्हटलं तर पंधरवडाही निघत नाही. माझ्या एका मैत्रिणीची नळी दोन वर्षं चालली, तिचा आदर्श ठेवा. ३० एसपीएफ सुमारे ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे उन्हातले त्वचा भाजणारे किरण अडवतं आणि ५० सुमारे ९८, त्या एका टक्क्यासाठी जिवाचं रान करा आणि घरी येऊन मोहरीएवढं लावा. तेही सीरम-क्रीमच्या सहा थरांवर, म्हणजे बोट फिरवलं की खोडरबराच्या चुऱ्यासारख्या पांढऱ्या वळ्या निघतील. त्या शर्टावर पडतात. शर्टाचं तरी उन्हापासून रक्षण होतं.

आता बाटल्यांचा प्रश्न. बहुतेक बाटल्यांवर उघड्या डबीचं छोटं चित्र असतं आणि त्यात ६ किंवा १२ असा आकडा. उघडल्यापासून तेवढ्या महिन्यांत ती संपवायची. माझ्या चौदा बाटल्या एकाच महिन्यात उघडल्या होत्या. हिशेब केला तर चेहरा घोड्याएवढा लांब हवा होता. टाकवेना, म्हणून मी त्या टाचांना लावायला सुरुवात केली. रात्री टाचांना हायल्युरॉनिक, टाचांना पेप्टाइड, टाचांना गोगलगाईचा चिकटा, आणि वरून पेट्रोलियम जेलीचा थर. ही जेली रॉबर्ट चेझब्रो यांनी १८७२ मध्ये पेटंट केली. हल्ली हीच तोंडाला फासली की तिला 'स्लगिंग' म्हणतात. स्लग म्हणजे शंख नसलेली गोगलगाय. शंखवालीचं आधीच बाटलीत भरून झालं होतं.

परवा एका घरी चपला काढून आत गेले. यजमानीणबाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत. मग त्यांची नजर खाली गेली आणि त्या म्हणाल्या, "अगं बाई, काय सुंदर टाचा आहेत हो तुमच्या! काय लावता?"