लव्हाळ्यावर मीठ टाकायला सांगणारा मेसेज

'एकरी दोन पोती खडे मीठ फोका, लव्हाळा मुळासकट जातो. गवतच ते, कुठलंही गवताचं औषध चालतं. उरलंसुरलं रोटाव्हेटरने संपतं. कंपन्या हे सांगणार नाहीत.' हा मेसेज आमच्या तात्यांच्या मोबाईलवर आला आणि त्यांनी मीठ आणूनही ठेवलं. म्हणून लिहावं लागतंय.

आधी मीठ, कारण नुकसान तिथंच आहे. मिठाने लव्हाळ्याची पात करपते. लोक तेवढाच फोटो पाठवतात. खालच्या गाठी जिवंत राहतात आणि पाऊस पडला की पुन्हा कोंब काढतात. मीठ मात्र रानातच राहतं. त्यातलं सोडियम काळ्या मातीच्या बारीक कणांना चिकटतं, कण सुटे होऊन छिद्रं बुजवतात, पाणी मुरत नाही, वाळल्यावर जमीन दगडासारखी होते. यालाच आपण चोपण म्हणतो. जायकवाडीच्या कालव्याखाली किती रानं अशी खराब झाली, हे परभणीकडच्या माणसाला सांगायला नको. तिथं निदान चूक पाण्याची होती, इथं आपण पैसे देऊन मीठ आणतोय! आणि हरभरा तर खारटपणा अजिबात सोसत नाही. लव्हाळा राहील, हरभरा जाईल.

यात अर्धं खरं एवढंच, की बोअरच्या जड पाण्यात अमोनियम सल्फेट मिसळलं तर ग्लायफोसेट हे तणनाशक जास्त चांगलं लागू पडतं. तेही फवाऱ्याच्या टाकीत, मापात. त्यावरून खाण्याचं मीठ रानात फोकायचं कुणी ठरवलं, देव जाणे.

लव्हाळा गवत नाही. दांडा चिमटीत धरून फिरवा, तीन कडा बोटांना लागतात. गवताच्या काडीला पेरं असतात, याचा दांडा सरळसोट आणि आतून भरीव. म्हणून सोयाबीनमध्ये क्विझालोफॉप हे फक्त गवतावरचं औषध मारलं की गवत मरतं आणि लव्हाळ्याला मोकळं रान मिळतं.

रोटाव्हेटरचा सल्ला तर उलटाच आहे. ओल्या रानात एक झाड हळूच उकरा. पांढऱ्या दोऱ्यावर काळ्या, वासाच्या गाठी माळेसारख्या ओवलेल्या दिसतील. माळ अखंड असते तोवर बऱ्याच गाठी झोपून असतात. रोटाव्हेटरची पाती ही माळ तोडतात आणि सुट्या झालेल्या गाठी फुटायला लागतात. उन्हाळ्यात कोरड्या रानाची खोल नांगरट करून गाठी उन्हात वाळवल्या तर फरक पडतो, हे मान्य. पण ते सलग दोन-तीन वर्षं करावं लागतं.

कंपन्यांनी दडवलेल्या उपायाबद्दल एवढंच सांगतो: 1977 साली तणशास्त्रज्ञ लेरॉय होल्म आणि सहकाऱ्यांनी जगातल्या तणांचा आढावा घेतला, तेव्हा 92 देशांत, 52 पिकांत सापडणारा हाच लव्हाळा सगळ्यात त्रासदायक तण म्हणून पहिल्या क्रमांकावर होता. पोतंभर मिठाने तो गेला असता तर एवढ्या देशांतले शेतकरी आजही खुरपत बसले नसते.

ऊस आणि मक्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन हे लव्हाळ्यावरचं औषध मिळतं. लेबल वाचून, तण कोवळं असताना मारा. परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात.

ज्यांनी मीठ टाकलंय त्यांनी वर दिसणारे खडे पावसाआधी वेचून काढा, माती तपासायला द्या आणि अहवालात सोडियम जास्त निघालं तरच ते हटवायला जिप्सम किती लागेल, याचा हिशोब विचारा. तात्यांची पोती मी दुकानात परत पाठवली आहेत.