धुक्याचे कौतुक पुरे

डिसेंबर लागला की आमच्या शाळेच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर चंद्रपूरच्या सकाळचे एखादे छायाचित्र हमखास येते. यंदाचे रामाळा तलावाचे होते : पलीकडचा काठ पुसून गेलेला, पाण्यावर करडा थर आणि खाली ओळ, 'आमचे काश्मीर'. उन्हाळ्यात ज्या गावाचा पारा सत्तेचाळीसच्या घरात जातो, त्याने आठ-दहा अंशांच्या थंडीचे लाड करावेत यात गैर काही नाही. मी एवढेच लिहिले की हे सगळे धुके नव्हे, यात बराचसा धूर आहे, कारण धुक्याला कोळशाचा वास येत नाही. त्यावरून पेटलेला वाद तीन दिवस चालला. निम्म्यांचे म्हणणे, महापालिकेने कोळशाच्या शेगड्या आणि रस्त्याकडेच्या शेकोट्या बंद कराव्यात. उरलेल्यांचे म्हणणे, गरिबाची शेगडी विझवण्याआधी गावाजवळच्या कोळशावरच्या वीजकेंद्राला जाब विचारावा. अखेरीस दोन्ही बाजूंचे एका गोष्टीवर एकमत झाले आणि ती गोष्ट म्हणजे मी. 'तिकडे स्वच्छ हवा खात बसून आम्हाले अक्कल शिकवून रायला का बे?' असे आमच्या जुन्या बाकमित्राने विचारले आणि त्याखाली अकरा अंगठे उमटले.

स्वच्छ हवेचा उल्लेख मला झोंबला. मी अमेरिकेतल्या युटा राज्याच्या उत्तर टोकाला लोगन नावाच्या गावात राहतो. वस्ती पन्नास-पंचावन्न हजारांची, म्हणजे चंद्रपूरच्या एका कोपऱ्यात मावेल एवढी. दोन्ही बाजूंना डोंगर आणि मध्ये कॅश व्हॅलीचे सपाट खोरे. जानेवारीत खोरे बर्फाने झाकले गेले आणि वारा पडला की थंड, जड हवा तळाशी साचते, वर उबदार हवेचे झाकण बसते, आणि मोटारींनी व घरांनी जे जे सोडले ते ते त्या झाकणाखाली दिवसेंदिवस मुरत राहते. मोटारींच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि गोठ्यांतून उठणारा अमोनिया यांच्यापासून अमोनियम नायट्रेटचे बारीक कण तयार होतात. २००४ च्या जानेवारीत या टुमदार गावाच्या हवेत पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक कणांचे चोवीस तासांचे प्रमाण घनमीटरला १३० मायक्रोग्रॅमच्या वर गेले होते. तेव्हाची मर्यादा ६५ होती, आज ती ३५ आहे. कारखान्याचे एकही मोठे धुराडे नसताना हे घडले, हे आमच्या मित्रमंडळींना सांगितले तर ते म्हणतात, मग अमेरिकेचे कौतुक कशाला सांगतोस?

कौतुक मी हवेचे सांगत नाही, कबुलीचे सांगतो. इथेही लोक आधी गायींकडे बोट दाखवत. मग खोऱ्याच्या आकाराकडे, म्हणजे थेट देवाकडे. २००९ मध्ये केंद्रीय यंत्रणेने हे खोरे मर्यादेबाहेरचे म्हणून जाहीर केले आणि तरीही मोटारींची धूरतपासणी सक्तीची व्हायला २०१४ उजाडले. ती कोणालाच आवडली नाही. माझ्या शेजाऱ्याच्या जुन्या पिकअपवर अजूनही तिचा राग आहे. हवा फार बिघडल्याचा 'लाल दिवस' जाहीर झाला की लाकडाची शेगडी पेटवायची नाही, हेही निमूटपणे पाळणारे थोडेच. पण आज हवा कशी आहे यावर वाद होत नाही. आकडा समोर असतो, वाद पुढचा असतो. २०२१ मध्ये खोरे त्या यादीतून बाहेर आले.

चंद्रपूरला आकडे नाहीत असे मात्र कोणी म्हणू नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक क्षेत्रांची जी क्रमवारी लावली, तीत अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद यांच्यानंतर चौथे नाव आमचेच होते : प्रदूषणाचे शंभरपैकी ८३.८८ गुण. दहावीत एवढे गुण मिळाले असते तर पेढे वाटले असते. २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातल्या, हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीतही चंद्रपूर आहे. तरीसुद्धा प्रदूषण म्हटले की आपल्याला दिल्ली आठवते आणि आपल्या गावावर उतरते ते धुके. मोठ्या शहराला रोग होतो, लहान शहराला फक्त हवामान असते, अशी काहीशी आपली समजूत आहे आणि मला चीड येते ती तिची.

शेगडी की चिमणी, हा वादही म्हणूनच मला अर्धवट वाटतो. हिवाळ्यात रात्री आकाश निरभ्र असते, जमीन लवकर निवते आणि तिच्यालगतची हवा वर जायचे सोडून देते. चंद्रपूरभोवती लोगनसारखे डोंगर नाहीत, पण पहाटेपर्यंत तसेच झाकण तिथेही बसते. उंच चिमणीचा धूर पुष्कळदा त्या थराच्या वर सुटतो आणि ऊन चढल्यावर, हवा ढवळली गेली की खाली येतो. शेगडीचा धूर मात्र संध्याकाळपासून नाकाच्या उंचीवरच पसरलेला असतो. म्हणजे दोन्ही पक्ष खरे बोलत आहेत, फक्त वेगवेगळ्या वेळचे. एवढे असूनही २,९२० मेगावॉटचे केंद्र आणि बादलीभर कोळसा यांना एकाच तागडीत टाकणाऱ्यांची मला कमाल वाटते. वीजकेंद्रांसाठी कडक निकष २०१५ च्या डिसेंबरात निघाले, दोन वर्षांची मुदत दिली गेली आणि त्यानंतर मुदतीमागून मुदती मिळत गेल्या. शेगडीवालीला मुदत कोण देतो?

हे लिहिताना माझा आवाज चढतो, त्याचे कारण मी गटावर सांगितले नाही. आमच्या घरी बाबांचा पगार त्याच केंद्रातून येत असे. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये आई दोरीवरचे कपडे काढताना आम्हाला बजावायची की डाग पुसायचा नाही, झटकायचा. पुसला की राख कापडात शिरते. पांढऱ्या गणवेशाची कॉलर झटकण्यात मी तरबेज होतो. संध्याकाळी पलीकडच्या वस्तीत जुन्या बादलीच्या शेगड्या, आतून मातीने लिंपलेल्या, मध्ये सळ्या घातलेल्या, दारासमोर मांडल्या जात. गोवरीचे तुकडे, त्यावर काटक्या, त्यावर कच्चा कोळसा. पिवळट धूर ओसरेपर्यंत शेगडी बाहेर, निखारा लाल झाला की आत. आमच्याकडे गॅस होता, म्हणून आम्ही त्या धुराला नाक मुरडत असू. चिमणीला कोणी नाक मुरडल्याचे मला आठवत नाही. तिच्यावर तर माझे अभियांत्रिकीचे शुल्क भरले गेले आणि अमेरिकेचे पहिले तिकीटही निघाले.

गेल्या वर्षी मी जानेवारीत चंद्रपूरला गेलो तेव्हा तळहाताएवढे एक हवामापक यंत्र सोबत नेले होते. जटपुरा गेटजवळ चहाच्या टपरीवर ते बाकावर ठेवले. आकडा भराभर चढू लागला, भोवती चार माणसे जमली आणि चहावाल्याने अगदी आपुलकीने विचारले, 'साहेब, याच्यात मोसम सांगते का?' मी हो म्हणालो. खरे तर त्या वासाने मला जितके घरी आल्यासारखे वाटत होते, तितके विमानतळावर भावाला मिठी मारतानाही वाटले नव्हते. यंत्र खिशात टाकून मी दुसरा चहा मागितला. ज्या धुरावरून गटावर तीन दिवस भांडलो, तो मला इथे लोगनमध्ये आठवतो आणि बरा वाटतो, ही गोष्ट कोणत्या निकषात बसवावी हे मला कळलेले नाही.

परवा तोच बाकमित्र फोनवर होता. राग ओसरला होता. त्याने सरळ विचारले की तिकडे असा लाल दिवस आला की तू काय करतोस. मी त्याला खरे ते सांगितले. सकाळी रिमोटने गाडी सुरू करून दहा मिनिटे गॅरेजसमोर तापत ठेवतो. शहरातली बस फुकट आहे, तरी तिच्यात बसत नाही. सुट्टी असेल तर मुलांना घेऊन लोगन कॅन्यनने चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर वर, बीव्हर माउंटनच्या बाजूला जातो. अर्ध्या वाटेत अचानक निळे आकाश लागते, ऊन लागते, आणि वळणावर थांबून मागे पाहिले तर आमचे खोरे मळक्या दुलईखाली झोपलेले दिसते. घरे दिसत नाहीत, रस्ते दिसत नाहीत. वरून ते खरोखर सुंदर दिसते. मुलीने त्याचे छायाचित्रही काढले आहे.

'म्हणजे तू वर जातो,' तो म्हणाला.

'हो.'

'अन् खालचे?'

मी म्हणालो, खालचे खालीच असतात. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग हसून म्हणाला, 'ते फोटो टाक ना बे गटावर. काश्मीर म्हणून.'

अजून टाकलेले नाही.