डोंगरावरच्या मुलांची वाढ: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की उंच प्रदेशातली मुलं खुजी राहतात ती गरिबीमुळे, अर्धपोटी राहिल्यामुळे, दवाखाना लांब असल्यामुळे, आणि मी विरळ हवेचं कारण पुढे केलं की सरकारांना हात झटकायला आयतं निमित्त मिळतं. शिवाय तिबेटी लोक हजारो वर्षं तिथेच राहतायत, त्यांना कुठे काय झालं, असंही विचारलंय.

गरिबीचं शंभर टक्के मान्य. पेरूमध्ये न्यून्योआ म्हणून भाग आहे, साधारण 4000 मीटरवर, तिथल्या मुलांची मोजमापं 1960 च्या दशकात घेतली होती आणि पुढे 1990 च्या दशकात परत घेतली तेव्हा मुलं आधीच्यांपेक्षा चांगलीच उंच भरली. डोंगर तोच, हवा तीच, सुधारलं ते खाणंपिणं आणि राहणीमान. तेव्हा हा मुद्दा तुमचाच.

पण मग बोलिव्हियाचं काय करायचं? ला पाझ आहे 3600 मीटरवर, सांताक्रूझ जेमतेम 400 वर, आणि दोन्हीकडच्या बाळांचं जन्मवजन ताडून बघितलं तेव्हा ला पाझची बाळं कमी वजनाची निघाली, गरीब घरातलीही आणि सुखवस्तू घरातलीही! अमेरिकेतल्या कोलोरॅडोतही तेच, म्हणजे श्रीमंत देश, हॉस्पिटलं जवळ, तरी दर 1000 मीटरला जन्मवजन अंदाजे 100 ग्रॅमने उतरतं. हे नुसत्या गरिबीने कसं समजावणार?

होतं काय, की वर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं, 21 टक्केच, पण हवेचा दाबच कमी, 4000 मीटरवर समुद्रसपाटीच्या साधारण 60 टक्के, त्यामुळे दर श्वासाला ऑक्सिजन कमी मिळतो. गरोदरपणात गर्भाशयाकडे जाणारा रक्तपुरवठा जेवढा वाढायला हवा तेवढा वाढत नाही, प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा आजार) जास्त दिसतो, आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाची वाढ मंदावते. म्हणजे बरंचसं नुकसान जन्माआधीच झालेलं असतं, आणि नंतर घरात खायला कमी असेल तर ते भरून निघतच नाही. दोन्ही कारणं एकाच मुलाच्या अंगावर येतात हो, त्यातलं एक निवडा असं नसतंच.

आणि शरीर वाढ कापतं ती सुद्धा सगळीकडे सारखी नाही. पेरूतल्या डोंगराळ भागातल्या मुलांमध्ये कोपराखालचा हात आणि गुडघ्याखालचा पाय तुलनेने जास्त आखूड दिसलाय, पण पंजे आणि पावलं बऱ्यापैकी शाबूत. मला हे वाचून थक्क व्हायला झालं होतं.

तिबेटी लोकांबद्दल तुम्ही म्हणता ते खरंय, त्यांच्यात ईपास1 सारख्या, कमी ऑक्सिजनशी जुळवून घ्यायला मदत करणाऱ्या जनुकांतले बदल पिढ्यानपिढ्या टिकून राहिलेत, आणि त्यांची बाळं तिथेच राहणाऱ्या, पण मूळच्या सखल भागातल्या हान चिनी कुटुंबांतल्या बाळांपेक्षा वजनाने भरलेली असतात. पण जागेच्या उंचीचा परिणामच नसता तर हा फरक पडला असता का? आणि उंचावर राहणाऱ्या प्रत्येकाच्या पूर्वजांना एवढा काळ मिळालेला नाही.

आता हात झटकण्याचं. "डोंगरातल्या मुलांसाठी वाढीचा तक्ता वेगळा करा" असं कोणी म्हणालं तर मी तुमच्या बाजूने भांडेन, कारण मग खुजं मूल कागदावर नॉर्मल दिसायला लागेल आणि विषयच संपेल. पण जागेची उंची हिशोबातच धरली नाही तर काय होतं तेही बघा. चार वर्षांच्या मुलाचं हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. 4000 मीटरवरच्या मुलाचं 12 आलं, तर सगळे म्हणणार छान आहे. पण विरळ हवेत शरीर मुळातच हिमोग्लोबिन वाढवतं, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे तिथे 3 च्या आसपास वजा करावे लागतात, म्हणजे उरले 9. ते मूल ॲनिमिक आहे, त्याला उपचार हवेत, आणि जागेच्या उंचीचा विचार न करणाऱ्याने त्याला घरी पाठवून दिलेलं असतं. तुम्हाला ज्या गरीब मुलांची काळजी वाटते ना, त्यांतलंच हे एक.