पुरात इन्सुलिन फेकायला सांगणारे हे डॉक्टर कोण?

‘पुरानंतर आरोग्य सांभाळा : गोमंतकातील ज्येष्ठ डॉक्टरांचे पाच सल्ले.’ हा मेसेज तुमच्याही फोनवर येऊन पडला असेल. खाली डॉक्टरांचं नाव नाही, इस्पितळाचं नाव नाही, ‘देव बरें करूं’ तेवढं आहे. देवस्थानच्या ग्रुपवरून तो गोव्यातल्या साखळी गावी माझ्या मावशीकडे पोचला. रात्रभर वीज नव्हती, म्हणून तिने फ्रीजमधल्या इन्सुलिनच्या कुप्या सकाळी उठून कचऱ्यात टाकल्या. आता गप्प बसून भागणार नाही.

पहिला सल्ला तोच : ‘फ्रीज बंद पडला की इन्सुलिनचं विष होतं, फेकून द्या, शरीर चार दिवस सांभाळून घेतं.’ दोन वाक्यं, दोन्ही खोटी. इन्सुलिनचं विष होत नाही, उष्णतेने त्याचा जोर हळूहळू कमी होतो. आपत्तीच्या काळासाठी अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, सल्ला असा आहे की कुपीतलं इन्सुलिन १५ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये २८ दिवसांपर्यंत फ्रीजबाहेर चालतं. आपल्याकडे भर आषाढात, घराच्या सावलीतल्या कोपऱ्यात पारा साधारण तेवढ्यातच असतो. एका रात्रीच्या अंधाराने काय बिघडणार? उलट घाबरून कुपी बर्फात खुपसली आणि ती गोठली, तर मात्र ती खरोखरच वाया गेली. कोणी मडक्यात ठेवायला सांगतात. कोरड्या हवेत तो उपाय उत्तम, आपल्या दमट पावसात मडकं फारसं गार होत नाही. पण तेव्हा त्याची तेवढी गरजही नसते.

आणि ‘शरीर सांभाळून घेतं’? टाइप १ मधुमेह (ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) असलेल्या पोराचं इन्सुलिन बंद केलं, तर एक-दोन दिवसांत त्याच्या रक्तात आम्ल साचतं, ओकाऱ्या सुरू होतात, श्वास जोरजोरात चालतो, शुद्ध हरपते. नेमका तेव्हाच रस्ता पाण्याखाली असला, तर १०८ची गाडी दारापर्यंत येणार कुठून?

एवढं मान्य करतो : पुराच्या पाण्यात बुडालेली कुपी टाकायचीच. उन्हात तापलेलीही बदलायची, पण दुसरी हातात आल्यावर. तोवर तीच वापरायची आणि साखर जास्त वेळा तपासायची.

दुसरा सल्ला, ‘पूर ओसरेपर्यंत बीपी-हृदयाच्या गोळ्या बंद ठेवून पोटाला विश्रांती द्या.’ पोटाला विश्रांती! पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटावर २०१७च्या सप्टेंबरात मारिया चक्रीवादळ आलं. सरकारी आकडा ६४ बळींचा होता. पुढे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाने फेब्रुवारी २०१८पर्यंतचे नेहमीपेक्षा जादा झालेले मृत्यू मोजले आणि अंदाज निघाला २,९७५. तिथल्या सरकारने तो स्वीकारलाही. सर्वाधिक धोका कोणाला? गरीब वस्त्यांतल्या लोकांना आणि पासष्टीपुढच्या पुरुषांना. वादळ एका दिवसात गेलं होतं. वीज, रस्ते, औषधं मात्र महिनोन् महिने आली नव्हती. म्हाताऱ्याकोताऱ्यांना संकट असं गाठतं, चालू उपचार तोडून. आणि हा मेसेज सांगतो की ते काम तुम्ही आपल्या हातानेच करा.

तिसरा, ‘डॉक्सी घेऊ नका, ते कंपन्यांचं कारस्थान.’ डॉक्सी म्हणजे डॉक्सिसायक्लिन, पुरानंतर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा ताप टाळायला देतात ती जंतुनाशक गोळी. २०१८च्या पुरानंतर केरळात हेच पसरवणाऱ्या एका निसर्गोपचारवाल्याला पोलिसांनी अटक केली होती. लेप्टोचे जंतू उंदराच्या मुतातून पाण्यात येतात आणि कातडीवरच्या जखमेतून शरीरात शिरतात. पायाच्या बोटांत चिखल्या झालेल्या असताना कुळागरातला (सुपारीच्या बागेतला) गाळ उपसणाऱ्याला ही गोळी लागते. मात्र आरोग्य केंद्रात विचारून, कारण गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ती सहसा देत नाहीत. आधीच ताप, पोटऱ्यांत कळा, लाल डोळे असतील, तर घरी गोळी गिळून बसू नका, दवाखाना गाठा.

चौथा सल्ला तुरटीचा : ‘तुरटी फिरवली की विहिरीचं पाणी शुद्ध.’ अर्धं खरं, नाइलाजाने म्हणतो. तुरटीने गाळ खाली बसतो, पाणी नितळ दिसतं, जंतू मात्र राहू शकतात. निवळल्यावर खळखळून उकळा किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाका.

पाचवा, ‘मेलेल्या गुरांच्या वासाने साथ येते.’ वासाने साथ येत नाही. जनावर विहिरीत पडलं असेल तर पाणी बिघडतं, ती विहीर उपसून क्लोरीन टाकेपर्यंत बंद ठेवा. नाहीतर पुरात मेलेल्या गुरांपेक्षा पुरातून वाचलेले उंदीर जास्त घातक.

मेसेज पुढे पाठवलेल्यांनी त्याच ग्रुपवर आजच लिहावं की इन्सुलिन आणि गोळ्या बंद करू नका. औषध संपलं किंवा वाहून गेलं असेल, तर जवळच्या आरोग्य केंद्राला फोन करा. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मुलाच्या, सुनेच्या फोनवर ठेवा, म्हणजे कागद भिजला तरी कुठली गोळी आणि किती, ते सांगता येईल.